हँडहेल्ड स्कॅनर: डेंटल लॅबमध्ये नव्यानं आलेल्यांसाठी

क्लिनिकसाठी बनवलेला, तोंडात घालायचा हँडहेल्ड स्कॅनर लॅबमध्ये प्लास्टरच्या मॉडेलवर चालवणं आता मराठवाड्यात नवीन राहिलेलं नाही. मोठ्या लॅबकडे टेबलावर ठेवायचा डेस्कटॉप स्कॅनर असतो. पण लातूर, नांदेड, परभणी, बीडकडच्या दोन-चार माणसांच्या लॅबला एकच यंत्र परवडतं. मग ते असं घेतलं जातं की मॉडेलही स्कॅन व्हावं आणि गरज पडली तर डॉक्टरांच्या क्लिनिकवरही नेता यावं. अशा लॅबमध्ये नव्यानं लागलेल्यांसाठी हा लेख आहे. डेंटल मेकॅनिकचा कोर्स झालाय, वॅक्स-अप येतं, कास्टिंग पाहिलंय, पण स्कॅनर पहिल्यांदाच हातात येतोय, असं धरून लिहितो.

स्कॅनरला जिथवर उजेड पोचतो तेवढंच दिसतं. जे दिसलं नाही ते सॉफ्टवेअर अंदाजानं भरून टाकतं, आणि इतकं गुळगुळीत भरतं की नवख्याला खरा भाग कुठला आणि भरलेला कुठला ते कळत नाही. पुढे जे जे सांगितलंय ते बहुतेक या एका अडचणीभोवती फिरतं.

यंत्र नेमकं काय करतं

दातांचं डिजिटल माप घेण्याचा प्रकार जुना आहे. १९८५ साली झुरिच विद्यापीठात सेरेक यंत्रानं माप घेऊन पहिला पेशंट केला गेला. तेव्हा दातावर पांढरी पावडर उडवावी लागायची, आता बहुतेक यंत्रांना लागत नाही. तत्त्व मात्र फारसं बदललेलं नाही. टिपमधून, म्हणजे स्कॅनरच्या तोंडात जाणाऱ्या टोकातून, प्रकाश दातावर पडतो, परत येतो, त्यावरून पृष्ठभागाची खोली काढली जाते. स्कॅनर एका वेळी बोटाच्या पेराएवढाच तुकडा पाहतो आणि असे शेकडो तुकडे एकमेकांवर बसवत पूर्ण कमान, म्हणजे एका जबड्याची दातांची अख्खी ओळ, उभी करतो.

खरी गोम या जोडणीत आहे. लहान टेपनं लांब बांध मोजायला घेतला की दर वेळी टेप उचलून पुढे ठेवताना केसभर फरक पडतो, आणि बांधाच्या टोकाला पोचेपर्यंत त्याचा चांगला वीतभर होतो. स्कॅनरचंही तसंच. एका दाताच्या कॅपला, तीन दातांच्या ब्रिजला हा फरक जाणवत नाही. उजव्या शेवटच्या दाढेपासून डाव्या शेवटच्या दाढेपर्यंत गेलात की जाणवतो. म्हणून हँडहेल्डवर सिंगल क्राऊन, छोटे ब्रिज, इनले, ऑनले, नाइटगार्ड, ऑर्थोची मॉडेल्स बिनधास्त करा. पूर्ण कमानीला एकत्र बांधणारं इम्प्लांटचं काम आलं तर ते डेस्कटॉप स्कॅनर असलेल्या लॅबकडे पाठवा. त्यात कमीपणा काही नाही. धातूचा बार चार इम्प्लांटवर ताण न देता बसला पाहिजे, तिथे अंदाजाला जागाच नसते.

किती फरक चालतो? मॅकलीन आणि फॉन फ्राउनहोफर या संशोधकांनी १९७१ साली दिलेला १२० मायक्रॉनचा आकडा आजही मार्जिनच्या, म्हणजे कॅपची कड दाताला जिथे टेकते तिथल्या, फटीसाठी वरची मर्यादा म्हणून सांगितला जातो. १२० मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा आठवा हिस्साही नाही. आणि त्यात स्कॅनिंग, डिझाइन, मिलिंग (यंत्रानं कोरणं), सिंटरिंग (भट्टीत भाजणं) आणि डॉक्टरांचं सिमेंट या सगळ्यांचा वाटा आला.

स्कॅनरच्या आधी प्लास्टर

लॅबमधलं निम्मं स्कॅनिंग स्कॅनर उचलायच्या आधीच झालेलं असतं. हे वाक्य कंटाळवाणं वाटेल, पण एक हिशोब करून बघा. डाय म्हणजे ज्या दातावर कॅप बसायची त्याची सुटी प्लास्टरची प्रतिकृती, आणि ती ज्यात ओततात त्या टाइप ४ डायस्टोनचं सेट होताना फुगणं ०.१५ टक्क्यापर्यंत चालतं असं आयएसओ मानक सांगतं. कमानीची रुंदी ५० मिलीमीटर धरली तर ७५ मायक्रॉन झाले. टाइप ३ च्या साध्या स्टोनला ०.२० टक्क्यापर्यंत मुभा आहे, म्हणजे १०० मायक्रॉन. स्कॅनरच्या माहितीपत्रकावर वीस-तीस मायक्रॉनचे आकडे बघून आपण खूश होतो आणि इकडे पाणी अंदाजानं ओतून स्टोन कालवतो. पाणी आणि पावडर मोजूनच घ्या, प्रमाण पाकिटावर छापलेलं असतं.

पाण्याचंही बघा. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी बोरचं पाणी, तेही क्षाराचं. क्षारांमुळे स्टोन लवकर धरतो, हवेचे बुडबुडे निघायला वेळ मिळत नाही. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं. डाय ओतायला ते वापरा. मॉडेलच्या बेसला फिल्टरचं पाणी चालेल.

अल्जिनेटचं माप, म्हणजे त्या मऊ पदार्थात घेतलेला दातांचा ठसा, उन्हाळ्यात फार लवकर दगा देतं. तालुक्याच्या गावाहून एसटीच्या पार्सलनं निघालेलं माप दुपारच्या उन्हात तीन तासांनी लॅबला पोचलं की ते आक्रसलेलंच असतं. हवा कोरडी, त्यात ४२ अंश तापमान. डॉक्टरांना सांगून ठेवा की अल्जिनेट असेल तर तिथेच ओतून मॉडेल पाठवा. ते जमत नसेल तर निदान ओल्या नॅपकिनमध्ये गुंडाळून हवाबंद पिशवीत घाला. क्राऊन-ब्रिजसाठी ॲडिशन सिलिकॉनचंच माप मागा, ते प्रवासात टिकतं. माप हातात आलं की आधी निर्जंतुकीकरण. एक टक्का सोडियम हायपोक्लोराइट, दहा मिनिटं, मग धुणं. मग पुढचं काम.

मॉडेल ओतल्यावर पूर्ण वाळू द्या. ओला स्टोन चमकतो आणि चमकणाऱ्या पृष्ठभागावरून प्रकाश भलत्याच दिशेला उडतो. एप्रिल-मेमध्ये लॅबला कूलर लावलेला असतो. त्याचा झोत मॉडेलच्या ट्रेवर येत असेल तर सकाळी ओतलेलं मॉडेल संध्याकाळीही दमट राहतं. ट्रे दुसरीकडे ठेवा.

आता डाय. कापलेली डाय भिंगाखाली धरा, दहापट भिंग असेल तर उत्तम. मार्जिनच्या खालचा भाग बरनं कोरून असा काढा की मार्जिनची कड स्पष्ट सुटी दिसेल, खाली एकदम उतार. ही कड डोळ्याला दिसत नसेल तर स्कॅनरलाही दिसणार नाही. मात्र कोरताना कडेवर बर लागला तर ती डाय गेली म्हणून समजा, नवीन ओता. कडेवर प्लास्टरचा बारीक फुगवटा असेल, म्हणजे मापात बुडबुडा होता, तर तो ब्लेडच्या टोकानं काढता येतो. खड्डा असेल तर मात्र भरू नका, डॉक्टरांना फोन करा.

जुन्या पद्धतीनं शिकलेल्यांची एक सवय इथे नडते. डायवर स्पेसर (सिमेंटसाठी जागा सोडणारा रंगासारखा थर) लावायचा हात बसलेला असतो. स्कॅन करायच्या डायला स्पेसर लावायचा नाही. सिमेंटची जागा सॉफ्टवेअरमध्ये द्यायची असते, सहसा तीस ते साठ मायक्रॉनच्या दरम्यान. वरून स्पेसरही लावला तर जागा दुप्पट होते, कॅप डायवर खुळखुळते, आणि त्याची चमक स्कॅन बिघडवते ती वेगळीच. मार्जिन पेन्सिलनं आखायचाही मोह होतो. लाल पेन्सिलची बारीक रेघ चालते. काळी जाड रेघ प्रकाश शोषून घेते आणि नेमक्या तिथेच स्कॅनला भोक पडतं.

टेबल, लाईट, लॅपटॉप

स्कॅनरची जागा ट्रिमर आणि सँडब्लास्टरपासून लांब, शक्यतो वेगळ्या खोलीत. टिपच्या आत छोटा आरसा असतो, त्याच्यावर प्लास्टरची धूळ बसली की चित्र धुरकट होतं. ती धूळ टिश्यूनं घासून काढू नका, ओरखडे पडतात. आधी ब्लोअरनं उडवा, मग लेन्सच्या कापडानं हलक्या हातानं. खिडकीतून टेबलावर ऊन येत असेल तर पडदा लावा, आणि ट्यूबलाइट थेट मॉडेलच्या डोक्यावर नको. मॉडेलखाली काळं, चमक नसलेलं कापड किंवा फळी ठेवा, म्हणजे टेबल स्कॅनमध्ये येत नाही.

लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतंच, कंपनी सांगेल ते. स्कॅनरची वायर निळ्या किंवा तशा खूण असलेल्या वेगवान यूएसबी पोर्टमध्येच लावा. स्वस्तातल्या हबमधून लावली की स्कॅन मध्येच तुटतो आणि लोक स्कॅनरला दोष देतात. लाईट जाणं हा आपल्याकडचा रोजचा विषय. लॅपटॉप बॅटरीवर तग धरतो, पण स्कॅनरचा ॲडॉप्टर नाही. तेवढ्यापुरता छोटा यूपीएस ठेवा. घरगुती इन्व्हर्टर असेल तर तो साइन वेव्हचा आहे ना बघा. डिलिव्हरीच्या दिवशी भारनियमन असलं की सगळ्यात आधी हाच विषय निघतो.

कॅलिब्रेशन आणि आठवड्याची परीक्षा

स्कॅनर सुरू करून दहा-पंधरा मिनिटं तसाच राहू द्या, आतला प्रकाश आणि सेन्सर स्थिर व्हायला वेळ लागतो. मग कॅलिब्रेशन. बऱ्याच स्कॅनरसोबत त्यासाठी छोटं साधन येतं. टिप काढून ते बसवायचं आणि स्क्रीन सांगेल तसं फिरवायचं. किती दिवसांनी करायचं ते कंपनी सांगते, पण आपल्याकडे सकाळच्या आणि दुपारच्या तापमानात जो फरक पडतो तो बघता उन्हाळ्यात जास्त वेळा केलेलं बरं. स्कॅनर गाडीतून क्लिनिकवर नेऊन आणला असेल किंवा हातातून निसटला असेल तर विचारूच नका, आधी कॅलिब्रेशन.

त्याशिवाय लॅबची स्वतःची एक परीक्षा ठेवा. डायस्टोनचं एक चांगलं मॉडेल बनवा, त्याच्या दोन्ही शेवटच्या दाढांवर आणि मधल्या दातांवर बारीक ठळक खुणा कोरा. डिजिटल व्हर्नियरनं खुणांमधली अंतरं मोजून डब्याच्या झाकणावर लिहून ठेवा. दर सोमवारी तेच मॉडेल स्कॅन करून स्क्रीनवर तीच अंतरं मोजा. एका बाजूच्या अंतरात फरक पडत नाही पण आरपार अंतरात पडतो, असं दिसलं तर तुमचा हात किंवा कॅलिब्रेशन चुकतंय. वाळूज किंवा चिकलठाण्याच्या एखाद्या टूलरूममध्ये ओळख असेल तर हे मॉडेल त्यांच्या सीएमएम या बारीक मोजमापाच्या यंत्रावर एकदा मोजून घ्या, व्हर्नियरपेक्षा कितीतरी खरा आकडा मिळेल. संभाजीनगरला इंडो-जर्मन टूल रूम आहे, तिथून शिकून बाहेर पडलेली मुलं या भागात भरपूर आहेत. मोजमाप म्हणजे काय हे ती मुलं आपल्यापेक्षा चांगलं समजावून सांगतात.

स्कॅन

आधी सॉफ्टवेअरमध्ये केस उघडा. कुठला दात, कुठलं काम, मटेरियल काय. दाताचा नंबर दोन आकडी पद्धतीनं टाका, खालची डावी पहिली दाढ म्हणजे ३६. नंबर चुकला तर डिझाइनला बसल्यावर सगळंच उलटं येतं. मॉडेल किंवा स्टोन असा पर्याय असेल तर तो निवडा. तोंडासाठीचा पर्याय चालू राहिला तर जीभ, गाल, बोटं आपोआप पुसणारी सोय प्लास्टरचाही भाग पुसते.

मग असा क्रम धरा:

१. मॉडेल स्थिर ठेवा आणि स्कॅनर फिरवा. किंवा स्कॅनर स्टँडला लावून मॉडेल हातात फिरवा. दोन्ही चालतं. मात्र मध्येच पद्धत बदलू नका.

२. सुरुवात शेवटच्या दाढेच्या चावायच्या पृष्ठभागावरून. तिथे खड्डे-उंचवटे भरपूर असतात, स्कॅनरला पकडायला खूण मिळते. एक-दोन सेकंद थांबा, चित्र पक्कं झालं की पुढे सरका.

३. चावायच्या पृष्ठभागावरून पूर्ण कमान, मग आतल्या बाजूनं परत, मग बाहेरच्या बाजूनं. आतून बाहेर जाताना टिप हळूहळू कलती करा, एकदम उलटी नको.

४. पुढचे दात सगळ्यात जास्त त्रास देतात, कडा पातळ असतात. तिथे टिप आतून कडेवरून बाहेर अशी डुलवत न्या, म्हणजे पुढची आणि मागची बाजू एकमेकांना जोडलेली राहते.

५. चित्र अडकलं, आवाज बदलला, तर जोर लावू नका. आधी चांगल्या आलेल्या दाढेवर परत जा, तिथे पकडू द्या आणि पुन्हा पुढे या.

वेग एकसारखा ठेवा, आणि टिप मॉडेलपासून फार लांब नको. किती मिलीमीटर ते यंत्राप्रमाणे बदलतं, पण खोलीचा पल्ला साधारण १५ ते २० मिलीमीटरच्या आसपास असतो. एकाच जागेवर पुन्हा पुन्हा फिरवल्यानं स्कॅन सुधारतो हा गैरसमज नवख्यांमध्ये फार आहे. उलट पृष्ठभाग दाणेदार होतो आणि फाइल जड होते. भाग बिघडला असेल तर तेवढाच कापून टाका आणि एकदाच नीट घ्या.

पूर्ण मॉडेल झालं की डाय काढा. डाय काढलेल्या जागेतून शेजारच्या दातांच्या आतल्या बाजू स्कॅन करा, कॉन्टॅक्ट, म्हणजे शेजारच्या दाताला टेकणारी जागा, याच बाजूंवर येणार असतो. मग डाय एकटी चिमट्यात किंवा पुटीच्या गोळ्यावर उभी करून चारही बाजूंनी. सॉफ्टवेअर ती डाय मूळ जागी बसवतं. ती नीट बसली की नाही हे स्वतः बघा. डायची कड पूर्ण मॉडेलमधल्या कडेपासून जराही सरकलेली दिसली तर तीन खुणांनी हातानं जुळवून घ्या.

धातू किंवा चकचकीत काही आलं तर स्कॅन स्प्रेचा एक बारीक फवारा मारा, लांबून. पिठासारखा थर बसला तर तो थरच स्कॅन होतो.

बाइट

क्राऊन डायवर सुंदर बसते, मार्जिन चोख, आणि तोंडात गेल्यावर डॉक्टरांना अर्धा तास घासावं लागतं. अशा तक्रारीत दोष बहुतेक वेळा बाइटचा असतो. वरचं आणि खालचं मॉडेल वेगवेगळं स्कॅन होतं, आणि दोन्ही एकमेकांवर कसे बसतात हे फक्त बाइटच्या स्कॅनमधून कळतं.

दोन्ही मॉडेल आधी हातात घेऊन जुळवा. आपल्या भागात झिजलेले दात खूप बघायला मिळतात. तंबाखू, सुपारी, भाकरीतली कचकच, कारणं बरीच आहेत. झिजेचे सपाट डाग वर-खाली एकमेकांना जुळतात का ते बघा. जुळले की मॉडेलची खरी जागा तीच. मध्ये मेणाची बाइट (पेशंटनं चावलेला मेणाचा ठसा) असेल तर ती काढून बघा. मऊ झालेलं मेण उन्हाळ्यात वाकतं आणि दोन मॉडेलमध्ये नको ती उंची ठेवतं. शक्य असेल तिथे मेणाशिवाय जुळवा. मॉडेल चिकट मेणाच्या काड्यांनी बाहेरून पक्की करा. रबरबँड मागच्या बाजूनं ओढला की पुढचे दात उघडतात.

मग दोन्ही बाजूंनी बाइट स्कॅन करा, एका बाजूवर भागवू नका. जुळणी झाल्यावर सॉफ्टवेअर रंगांनी वर-खालच्या दातांचे कॉन्टॅक्ट दाखवतं. आता खऱ्या मॉडेलमध्ये आर्टिक्युलेटिंग पेपर चावून घ्या. कागदाचे डाग आणि स्क्रीनवरचे रंग शेजारी ठेवून बघा. स्क्रीनवर ४७ वर लाल डाग आहे आणि कागदाची खूण ४५ वर आहे, तर बाइट तिरकी बसलीय. पुन्हा घ्या. या दोन मिनिटांनी डॉक्टरांचा अर्धा तास वाचतो.

भोकं बघून मगच पुढे

स्कॅन पूर्ण करा असं बटण असतं. त्यावर बोट ठेवायच्या आधी रंग बंद करून मॉडेल एकाच करड्या रंगात बघा. रंगामुळे मार्जिन आहे असं वाटतं, करड्या रंगात ते आहे की नाही ते कळतं. डाय मोठी करा आणि मार्जिनची कड पूर्ण फेरी मारून बघा. कड धारदार असावी. कुठे गोलसर, वितळल्यासारखी दिसली तर तिथे सॉफ्टवेअरनं भरलेलं आहे किंवा स्कॅन लांबून आलाय.

भोक शेजारच्या दाताच्या हिरडीजवळ असेल तर सोडून द्या. मार्जिनवर, कॉन्टॅक्टवर किंवा समोरच्या दाताच्या टोकावर असेल तर सोडायचं नाही. आपोआप भोकं बुजवण्याची सोय शक्यतो बंद ठेवा. चालू ठेवायचीच असेल तर आधी न भरलेला स्कॅन नीट बघून घ्या.

मिलिंगचीही एक मर्यादा लक्षात ठेवा. बरचा व्यास मिलीमीटरच्या आसपास असेल तर त्याहून बारीक धार आतून कोरता येत नाही. सॉफ्टवेअर तिथे जास्त जागा खोदतं. डाय टोकदार असेल तर डॉक्टरांना ते कळवा. झिरकोनियाची कॅप भट्टीत जाण्याआधी मोठी मिल केलेली असते, सिंटरिंगमध्ये ती साधारण २० ते २५ टक्के आक्रसते. किती मोठी करायची हे डिस्कवर लिहिलेल्या आकड्यावरून ठरतं, तो आकडा मिलिंगवाल्यानं बरोबर टाकला पाहिजे. बसत नाही म्हटल्यावर दर वेळी दोष स्कॅनरच्याच माथी मारू नका, हेही विचारा.

अवघड प्रकार

थेट माप स्कॅन करून उलटं करता येतं, म्हणजे ओतायची गरज नाही. ऐकायला सोयीचं आहे. दाढेच्या रुंद मापाला चालतं. खालच्या पुढच्या दातांच्या मापात खड्डा अरुंद आणि खोल असतो, तळाला उजेड जातच नाही. तिथे निमूटपणे ओता. मुळात बसणाऱ्या पोस्टच्या नळीचंही तेच.

दात नसलेल्या जबड्याला खूण नसते, सगळं गुळगुळीत. टाळूवरच्या वळ्यांपासून सुरुवात करा. खालच्या जबड्यावर मेणाचे चार-पाच छोटे ठिपके, वेगवेगळ्या आकाराचे, काठाबाहेर टाका. एकसारखे ठिपके टाकले तर स्कॅनर एकाला दुसरा समजतो.

एकट्या इम्प्लांटचं काम हँडहेल्डवर होतं. स्कॅन बॉडी (इम्प्लांटची जागा स्कॅनमध्ये दाखवणारा तुकडा) पूर्ण खाली बसली आहे का हे भिंगातून बघा, स्क्रू हातानंच आवळा. लायब्ररीतून त्याच कंपनीची, त्याच मापाची बॉडी निवडा. नावं एकसारखी दिसतात आणि चूक होते ती इथेच.

डॉक्टरांकडून आलेला स्कॅन

काही डॉक्टर आता स्वतःच तोंड स्कॅन करून फाइल पाठवतात. आली की लगेच उघडा, संध्याकाळवर ठेवू नका. पेशंट खुर्चीत असेपर्यंत दुरुस्ती सोपी असते. संवाद साधारण असा होतो:

“सर, ४६ ची फाइल मिळाली. मागच्या बाजूला मार्जिन दिसत नाही. पेशंट आहे का अजून?”

“आहे, आहे. रक्त येत होतं थोडं.”

“मग तेवढाच भाग कापून, हिरडी मागे सारायला कॉर्ड टाकून परत घेता का? बाकी सगळं छान आलंय.”

“आज हिरडी फारच लाल आहे हो.”

“मग आज टेम्पररी द्या सर, हिरडी बसली की घेऊ. तशीच कॅप बनवली तर तुम्हालाच परत काढावी लागेल.”

असं बोलायला नवख्याला जड जातं, कारण समोर डॉक्टर असतात. पण चांगले डॉक्टर अशा फोनवर चिडत नाहीत. चिडलेच तर लॅबच्या मालकाकडे फोन द्या.

गुटख्यामुळे तोंड कमी उघडणारे पेशंट आपल्याकडे बरेच असतात. मागच्या दाढेपर्यंत टिप जातच नाही. डॉक्टरांना छोटी टिप सुचवा किंवा साध्या मापावर या. नांदेड जिल्ह्याच्या काही भागात पाण्यातल्या फ्लोराइडमुळे दातांवर पांढरे-तपकिरी पट्टे असतात. अशा केसला स्कॅनरनं सांगितलेल्या शेडवर (दाताच्या रंगछटेवर) विसंबू नका, शेड गाइडसोबत दिवसाच्या उजेडात काढलेला फोटो मागा.

स्कॅनर घेऊन क्लिनिकवर गेलात तरी पेशंटच्या तोंडात तो डॉक्टरांनी चालवायचा. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्यात डेंटल मेकॅनिकचं काम कवळ्या आणि दातांची उपकरणं बनवणं, दुरुस्त करणं असं सांगितलेलं आहे. तुम्ही स्क्रीन बघा, कुठे कमी पडलंय ते सांगा. प्लास्टरला वापरलेली टिप तोंडात नको. दोन्हींच्या टिपा वेगळ्या डब्यात, खूण करून ठेवा. तोंडाच्या टिपा प्रत्येक पेशंटनंतर ऑटोक्लेव्हमध्ये. किती वेळा चालतात त्याचा आकडा कंपनी देते, म्हणून टिपच्या डब्यावर दर वेळी एक रेघ ओढत जा.

फाइल पाठवणं आणि ठेवणं

मिलिंग सेंटरला साधारणतः एसटीएल फाइल जाते. त्यात आकार असतो, रंग नसतो. मार्जिन आणि हिरडीचा रंग दाखवायचा असेल तर पीएलवाय पाठवा. फाइलच्या नावात पेशंटचं नाव नको. लॅबचा केस नंबर, दाताचा नंबर, तारीख, बस. व्हॉट्सॲपवर पाठवायचीच वेळ आली तर झिप करून डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि पेशंटचा चेहरा दिसेल असा फोटो ग्रुपवर टाकू नका.

सोबतची स्लिप भरताना मटेरियल, शेड, कॉन्टॅक्ट घट्ट की हलका, समोर काय आहे, कवळी की खरा दात, हे लिहा. स्लिप नीट भरलेली असली की डिझायनरचे निम्मे फोन कमी होतात. मूळ स्कॅन, सुधारलेला स्कॅन आणि डिझाइन तिन्ही वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि आठवड्यातून एकदा दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. प्लास्टरचं मॉडेल आणि डाय मात्र डॉक्टरांचा “सिमेंट केली” असा निरोप येईपर्यंत फेकू नका, वर केस नंबर लिहून खोक्यात ठेवा.